गुडघ्यातला मध आणि वंगणाची गोष्ट: अस्थिरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अस्थिरोगतज्ज्ञ

सन्माननीय डॉक्टर,



मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट गुडघेदुखीचे असतात. भांगलणीला जाणाऱ्या बायका, निवृत्त शिक्षक, एसटीचे चालक, खानावळीत दिवसभर उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या मावश्या. अलीकडे त्यांच्यातले काहीजण मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ दाखवून विचारतात, ‘मॅडम, गुडघ्यात नैसर्गिक मधाचं इंजेक्शन घेतलं की झीज भरून येते म्हणे. घेऊ का?’

‘हे तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलंत का?’ असे मी आधी विचारते. उत्तर साधारण ठरलेले असते. विचारले, तर डॉक्टर हसले. किंवा रागावले. किंवा काहीच न बोलता पुढच्या पेशंटला हाक मारली.

हे पत्र त्या न मिळालेल्या उत्तराबद्दल आहे. आपल्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पूर्ण निकामी झालेला गुडघा बदलून माणसाला पुन्हा पायावर उभे करणारे हात आपलेच आहेत, आणि त्या शस्त्रक्रियेनंतर पेशंटला चालवण्याचे काम मी करते, म्हणून तिचे मोल मला ठाऊक आहे. पण गुडघा बदलण्याच्या अवस्थेला पोचलेले थोडे. त्याच्या अलीकडे दुखणाऱ्या गुडघ्यांसह दहा-पंधरा वर्षे काढणारे खूप. देशातील पाच ठिकाणी सुमारे पाच हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण २८.७ टक्के आढळले, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक होते. एवढी माणसे उत्तर शोधत असतील आणि आपण ते देत नसाल, तर दुसरे कोणीतरी देणारच.

माझे म्हणणे एका वाक्यात असे आहे: मधाच्या इंजेक्शनावर विश्वास बसेल अशी मनाची जमीन आपल्याच ओपीडीत तयार झाली आहे, आणि म्हणून ती बदलण्याची जबाबदारीही आपली आहे. हे आता सविस्तर मांडते.

पहिली गोष्ट: मधाला हसू नका

मध हा आमच्या भागात परका पदार्थ नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या मधपाळ आहेत. तालुक्यातल्या मांघर गावाला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. सातेरीच्या पेटीतला मध, आग्याच्या पोळ्याचा मध, जांभळाचा, हिरड्याचा, सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा मध, हे फरक इथल्या म्हाताऱ्या माणसांना चवीवरून कळतात. खोकल्याला मध, भाजल्याला मध, बाळंतिणीच्या औषधाला मध. अशा घरात वाढलेल्या माणसाने ‘मग गुडघ्याला का नको?’ असे विचारले, तर त्यात मूर्खपणा नाही.

आणि मधाची बाजू फक्त आजीच्या बटव्यापुरती नाही. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या जखमांवर मध लावला, निम्म्यांच्या जखमांवर तेव्हा सर्रास वापरले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटातल्या जखमा लवकर स्वच्छ झाल्या आणि लवकर भरल्या. पुढे जगभरात असे अनेक अभ्यास झाले. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मध घातलेल्या जखमेच्या पट्टीला परवानगी दिली. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यातही, त्वचेच्या अर्ध्या थरापर्यंत भाजलेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने लवकर भरतात, असा निष्कर्ष आहे.

हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असणार. मग पेशंटने मधाचे नाव काढल्यावर हे त्याला का सांगितले जात नाही? ‘मध जखमेवर उपयोगी आहे, तुमचे ऐकणे अगदीच चुकीचे नाही, पण सांध्याची गोष्ट वेगळी आहे, ती का ते सांगतो,’ एवढे म्हटले तर पेशंट पुढचे ऐकतो. हसले की तो उठतो. आणि उठून जातो तो व्हिडिओवाल्याकडे.

दुसरी गोष्ट: सांध्याची गोष्ट वेगळी का, ते आपण सांगायला हवे

हे मला ओपीडीबाहेर सांगावे लागते. खरे तर आपल्या तोंडून ते अधिक वजनाने पोचेल.

जखम उघडी असते. तिच्यावर लावलेला मध पाणी ओढून घेतो, जंतूंना सुकवतो, त्याच्या आम्लतेमुळे आणि त्यातून हळूहळू तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे जंतू मरतात, आणि काम झाले की तो पुसून, धुऊन काढता येतो. गुडघ्याचा सांधा ही बंद पोकळी आहे. निरोगी गुडघ्यात द्रव असतो तो जेमतेम चमचाभर. त्यात जे टोचले ते पुसून काढता येत नाही.

मधात सुमारे ८० टक्के साखर असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. रक्तात आणि सांध्याच्या द्रवात ग्लुकोज असते ते १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे मधातील साखर शेकडो पट अधिक. मधाचा पीएच साधारण ३.९, सांध्याचा ७.४ च्या जवळ. ज्या दाटपणामुळे आणि आम्लतेमुळे मध जखमेतल्या जंतूंना मारतो, तोच दाटपणा आणि तीच आम्लता सांध्याच्या अस्तराला आणि कूर्चेच्या पेशींना सोसावी लागणार. मध जंतूंच्या पेशी ओळखून तेवढ्याच मारत नाही.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. विल्यम हंटर या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच नोंदवून ठेवले की एकदा बिघडलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. तिथे इजा झाली तर दुरुस्तीची सोय अगदी तुटपुंजी. आणि सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर काही दिवसांत कूर्चा नष्ट होते, हे आपण प्रत्यक्ष पाहिले आहे.

‘नैसर्गिक’ मध निर्जंतुक नसतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते याच कारणाने. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते बीजाणू सहसा रुजत नाहीत, पण सुईने आत गेलेला पदार्थ आतड्यातून जात नाही, पोटातल्या आम्लालाही तोंड देत नाही. जखमेच्या पट्टीतला वैद्यकीय मध म्हणूनच गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. उकळणे हा त्यावर उपाय नाही, कारण उष्णतेने मधातली विकरे निष्क्रिय होतात आणि नको ती रसायने वाढतात. शिवाय मधात परागकणांची प्रथिने असतात, त्यांची काहींना तीव्र ॲलर्जी होऊ शकते.

आणि ‘शुद्ध मध’ म्हणजे नेमका कुठला? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये बाजारातील १३ ब्रँडच्या मधाचे निष्कर्ष जाहीर केले. सर्व चाचण्या पार केल्या त्या केवळ तीन ब्रँडनी. बाकी ठिकाणी भेसळीची खूण सापडली. पोळीला लावायच्या मधाची ही स्थिती. अस्सल मध मिळाला तरी जांभळाच्या मधाचे घटक कारवीच्या मधासारखे नसतात, यंदाचे गेल्या वर्षीसारखे नसतात. प्रत्येक बाटलीत वेगळा ऐवज असणारा पदार्थ ठरावीक मात्रेचे औषध कसा होणार?

यातला शब्द न् शब्द आपल्याला माहीत आहे. पेशंटला माहीत नाही. माझी तक्रार या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल आहे.

तिसरी गोष्ट: ‘आयुर्वेदिक’ म्हटले की कायदा संपत नाही

मधाच्या इंजेक्शनाला आयुर्वेदाचे नाव चिकटवले की माणसांना ते सुरक्षित आणि कायदेशीर दोन्ही वाटते. आयुर्वेदात मधाला मोठे स्थान आहे, तो योगवाही, म्हणजे सोबतच्या औषधाचा गुण वाहून नेणारा, मानला आहे, पोटात घ्यायच्या औषधांत आणि बस्तीतही (औषधी एनिमातही) तो येतो. पण सांध्यात सुईने मध सोडणे ही त्या शास्त्राची परंपरा नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात आयुर्वेदिक पेटंट औषधाची जी व्याख्या आहे, तिच्यातून इंजेक्शनच्या मार्गाने द्यायची औषधे स्पष्ट शब्दांत वगळलेली आहेत. म्हणजे सांध्यात टोचायचा मध आयुर्वेदिक परवान्याच्या आडोशाने विकता येत नाही. त्याला नवीन औषधाच्याच वाटेने यावे लागेल: प्राण्यांवरील अभ्यास, नैतिकता समितीची मान्यता, २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, चाचणीची सार्वजनिक नोंदणी. १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्याच्या अनुसूचीत ज्या आजारांवरील उपचारांच्या जाहिरातीला बंदी आहे, त्यांत संधिवातही आहे.

पेशंटला हा कायदा पाठ असण्याची गरज नाही. त्याने विचारल्यावर ‘या इंजेक्शनाला सरकारी परवानगी असल्याचा कागद मागा’ एवढे एक वाक्य आपण सांगितले तरी तो सावध होईल. हे वाक्य मी सांगते तेव्हा उत्तर येते, ‘पण डॉक्टर तर काही बोलले नाहीत.’ आपल्या गप्प राहण्याचा अर्थ संमती असा घेतला जातो, हे कृपया लक्षात घ्या.

चौथी गोष्ट: वंगणाची गोष्ट आपणच सुरू केली

आता या पत्रातली सर्वात कठीण तक्रार.

माझ्याकडे येणाऱ्या पेशंटच्या मनात आपल्या गुडघ्याचे एक चित्र पक्के बसलेले असते. वंगण संपलंय. गॅप पडलीय. हाडावर हाड घासतंय. हे चित्र त्यांना एक्स-रे वर करून दाखवत आपणच दिलेले असते. घाईत, सोपे करून सांगण्यासाठी दिलेले असते, हे मी समजते. पण त्याचे परिणाम पाहा. गुडघ्यातले वंगण संपले असेल तर पेशंटला दोन गोष्टी सुचतात. एक, चालणे बंद करायचे, म्हणजे उरलेले घासणार नाही. दुसरी, आत काहीतरी घट्ट, चिकट, गुळगुळीत भरायचे. मग मध घट्ट आहे, चिकट आहे आणि वर नैसर्गिकही आहे. वंगणाची गोष्ट खरी मानली तर मधाचे इंजेक्शन हा तिचा अगदी तर्कशुद्ध शेवट ठरतो.

गुडघ्याची ही झीज, म्हणजे गुडघ्याचा संधिवात, असा नसतो, हे आपण जाणता. कूर्चा, तिच्या खालचे हाड, सांध्याचे अस्तर, अस्थिबंध, भोवतीचे स्नायू या सगळ्यांचा तो आजार आहे. एक्स-रेमध्ये मोठी झीज असलेली माणसे घाट चढतात आणि किरकोळ झीज असलेल्यांची रात्रीची झोप उडते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे ‘नाइस’च्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार ४५ च्या पुढच्या माणसाला हालचालीने दुखत असेल आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक नसेल, तर निदानासाठी एक्स-रेची सहसा गरजही नाही. कूर्चेला रक्तपुरवठा नसल्याने तिचे पोषण सांध्याच्या हालचालीतून, भार येण्या-जाण्यातून होते. म्हणजे वंगणाच्या गोष्टीतून निघणारा ‘चालू नका’ हा निष्कर्ष आजाराला नेमका अपायकारक आहे.

पाचवी गोष्ट: मधाला लावता ती कसोटी स्वतःच्या इंजेक्शनांनाही लावा

‘पुरावा कुठे आहे?’ हा प्रश्न मधाला विचारायलाच हवा. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका, अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०२१ ची, ‘नाइस’ची २०२२ ची, यांपैकी एकीतही सांध्यात मध टोचण्याची शिफारस नाही. पण याच मार्गदर्शिका आपल्या ओपीडीतल्या इंजेक्शनांबद्दल काय म्हणतात?

हायल्युरोनिक ॲसिडचे इंजेक्शन, ज्याला पेशंट ‘जेलचं इंजेक्शन’ म्हणतात, देऊ नये असे ‘नाइस’ सांगते. २०२२ साली ‘बीएमजे’मध्ये १६९ चाचण्या आणि २१ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा आला. वेदनेत पडणारा फरक इतका लहान की रुग्णाच्या आयुष्यात तो जाणवण्याजोगा नाही, आणि गंभीर दुष्परिणामांचा धोका मात्र वाढलेला, असे त्याचे सार आहे. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्सचे इंजेक्शन: २०२१ साली ‘जामा’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत बारा महिन्यांनी ते सलाईनच्या इंजेक्शनाहून सरस ठरले नाही, ना वेदनेत, ना कूर्चेत. स्टेरॉइड काही आठवड्यांपुरता आराम देते हे खरे, आणि सुजलेल्या गुडघ्यात त्याला जागा आहे. पण २०१७ च्या एका चाचणीत १४० रुग्णांना दर बारा आठवड्यांनी दोन वर्षे ते किंवा सलाईन दिले, तेव्हा स्टेरॉइडच्या गटात कूर्चा अधिक झिजली आणि वेदनेत दोन्ही गटांत फरक उरला नाही.

या अभ्यासांतली सर्वात बोलकी बाब सलाईनची आहे. मिठाचे पाणी टोचलेल्या माणसांनाही बरे वाटते. २००२ साली ह्यूस्टनच्या डॉ. ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया तपासली. त्यातल्या काहींना केवळ त्वचेवर छेद दिला, आत काहीच केले नाही. दोन वर्षांनीही खरी शस्त्रक्रिया झालेले आणि नुसता छेद घेतलेले यांच्या वेदनेत फरक नव्हता. गुडघेदुखी चढ-उतार घेते, माणूस दुखणे सर्वात जास्त असताना सुई घेतो, आणि कोणीतरी आपल्यासाठी काही केले या विश्वासाचाही परिणाम होतो. म्हणून मधाच्या इंजेक्शनाने बरे वाटले असे सांगणारा माणूस खोटे बोलत नाही. ते बरे वाटणे मधामुळे होते का, हा प्रश्न वेगळा. आणि हाच प्रश्न हजारो रुपयांच्या जेलच्या इंजेक्शनालाही लागू आहे. तो तिथे विचारला जात नसेल, तर मधाच्या वेळी विचारलेला पेशंटला धंद्यातली चढाओढ वाटतो, शास्त्र वाटत नाही.

सहावी गोष्ट: साखरेचा प्रश्न खरा आहे, तर त्याचे संशोधन करा

मधाच्या बाजूने बोलणारे एक मुद्दा मांडू शकतात आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. सांध्यात तीव्र ग्लुकोज टोचण्याची प्रोलोथेरपी नावाची पद्धत १९५० च्या दशकापासून अमेरिकेत आहे. २०१३ साली डॉ. डेव्हिड राबागो यांनी ९० रुग्णांवर केलेल्या चाचणीत ग्लुकोज घेतलेल्यांना सलाईन घेतलेल्यांपेक्षा आणि घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा वर्षाअखेर अधिक आराम दिसला. २०२० साली हाँगकाँगमध्ये ७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्षही ग्लुकोजच्याच बाजूचा होता. या चाचण्या लहान आहेत, आणि अमेरिकी संधिवाततज्ज्ञांची मार्गदर्शिका प्रोलोथेरपी टाळावी याच बाजूला झुकते. पण प्रश्न रास्त आहे.

मात्र त्यातून मधाचे समर्थन आपोआप होत नाही. ग्लुकोजचे द्रावण निर्जंतुक मिळते, त्याची तीव्रता मोजलेली असते, ते स्वस्त आहे. मधाने ग्लुकोजपेक्षा अधिक काय साधते, हे दाखवण्याची जबाबदारी मधाचा दावा करणाऱ्याची आहे. त्यासाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला, घटक मोजलेला मध, तेवढ्याच साखरेचे द्रावण आणि सलाईन, असे तीन गट हवेत. कोणाला काय दिले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला माहीत नको. त्याआधी प्राण्यांच्या सांध्यात कूर्चेचे काय होते ते पाहायला हवे. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, सोलापूरच्या कामाचा वारसा आहे. मधाबद्दल आस्था असेल तर ही वाट उघडी आहे. ही वाट सोडून थेट माणसाच्या गुडघ्यात सुई घालणे म्हणजे पैसे घेऊन प्रयोग करणे होय.

सातवी गोष्ट: ज्याला पुरावा आहे ते चिठ्ठीवर का नसते?

वर नावे घेतलेल्या मार्गदर्शिकांमध्ये व्यायामाला विरोध करणारी एकही नाही. गुडघ्याच्या संधिवातावर तोच पहिला उपचार आहे, वय कितीही असले तरी. अमेरिकी लष्करी रुग्णालयांत झालेल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि फिजिओथेरपी समोरासमोर ठेवली. वर्षभरानंतर फिजिओथेरपी घेतलेल्यांच्या वेदना आणि अडचणी कमी होत्या. हा निष्कर्ष २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. वजनाबद्दल बोलायचे तर एक किलो कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून एक कार्यक्रम चालतो: आजार समजावून सांगणारी दोन सत्रे आणि देखरेखीखालचा बारा सत्रांचा व्यायाम. तो पुढे अनेक देशांनी उचलला. त्यात महाग असे काहीही नाही.

आपल्या चिठ्ठीवर मात्र गोळ्या असतात, इंजेक्शनाची तारीख असते, आणि खाली एका ओळीत ‘वजन कमी करा, मांडी घालून बसू नका’ असते. ज्या बाईचे जेवण, पूजा, चूल, निवडणे-टिपणे सगळे जमिनीवर आहे तिने ते कसे करायचे? मांडीचा पुढचा स्नायू कसा बळकट करायचा, खुर्चीतून हात न टेकता कसे उठायचे, काठी कोणत्या हातात धरायची, दुखत असतानाही किती चालणे सुरक्षित आहे, हे कोणी सांगत नाही. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरायची एवढी साधी गोष्टही बहुतेकांना ठाऊक नसते.

यात माझ्या पेशाचा स्वार्थ आहे असे कोणी म्हणेल. तर स्पष्ट सांगते: नीट शिकवलेला व्यायाम पेशंट घरी, फुकट, आयुष्यभर करू शकतो. आमच्याकडे त्याने कायम यावे अशी गरज नाही.

आता विनंत्या

ओपीडीत एका पेशंटला मिळणारी मिनिटे किती थोडी असतात, हे मी पाहते. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने अपघात, फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया सांभाळणाऱ्या डॉक्टरांची दमछाकही पाहते. म्हणून होण्याजोगे तेवढेच मागते.

१. मधाच्या किंवा अशा कोणत्याही इंजेक्शनाबद्दल पेशंटने विचारले तर सरळ उत्तर द्या. वेळ नसेल तर एक छापील पान हाती द्या: मध जखमेवर चालतो, सांध्यात का चालत नाही, कोणता धोका आहे, परवानगीचा कागद कसा मागायचा.

२. वंगण संपले, हाडावर हाड घासते, हे सांगणे थांबवा. त्याऐवजी सांगा की सांधा हालचालीवर जगतो, स्नायू बळकट झाले की दुखणे कमी होते, आणि थोडे दुखले म्हणजे नुकसान झाले असे नव्हे.

३. आपण स्वतः जे इंजेक्शन देणार आहात त्याचे नाव, अपेक्षित आराम किती आठवडे, पुरावा कसा, धोका कोणता आणि खर्च किती, हे मराठीत लिहून द्या आणि घरी विचार करायला सवड द्या. २०१७ साली कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली तेव्हा पेशंटला पहिल्यांदा किमतीबद्दल मोकळेपणाने विचारता आले. इंजेक्शनाबाबतही तसे विचारता यायला हवे.

४. पहिल्या भेटीतच चिठ्ठीवर व्यायाम लिहा: कोणता, किती वेळा, किती आठवडे. जवळ फिजिओथेरपिस्ट असेल तर पाठवा, नसेल तर चित्रांचा कागद द्या. इंजेक्शनाचा विचार त्यानंतर.

५. बाहेरून कसलेही इंजेक्शन घेऊन सुजलेला, तापलेला गुडघा आपल्याकडे आला तर तो वाचवाल याबद्दल मला शंका नाही. पण त्याची नोंदही करा. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे, १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दुष्परिणाम कळवता येतो. नोंद झाली नाही तर ‘आजवर कोणाला काही झालं नाही’ असे जाहिरातीत म्हणायला विक्रेता मोकळा राहतो.

६. आपल्या संघटनेने नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सांध्यातील इंजेक्शनांबद्दल मराठीत जाहीर भूमिका घ्यावी. आणि त्याच पत्रकात जेल, पीआरपी, स्टेरॉइड यांच्याबद्दलही तेवढ्याच मोकळेपणाने लिहावे. एकाच कसोटीवर सगळे घासले तरच लोक त्यावर विश्वास ठेवतील.

७. आपल्यापैकी कोणाला मधात खरोखर काही सापडेल असे वाटत असेल, तर त्यांनी नोंदणी करून, परवानगी घेऊन, पेशंटकडून एक पैसाही न घेता चाचणी करावी. निष्कर्ष विरुद्ध गेला तरी छापावा. अशा चाचणीत पेशंटना व्यायाम शिकवायचे काम मी आनंदाने करीन.

गुडघेदुखीची माणसे चमत्कार मागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्यांना देवळाच्या पायऱ्या चढायच्या असतात, शेताच्या बांधावरून चालायचे असते, नातवाला उचलायचे असते. यातले बरेच काही सुईशिवाय साधते. पण ते मी सांगण्यात आणि आपण सांगण्यात फरक आहे, कारण त्यांचा पहिला विश्वास आपल्यावर आहे. तो विश्वास मधाच्या बाटलीवाल्याकडे जाऊ नये असे वाटत असेल, तर त्यांच्या पुढच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्या. माझ्याकडून जे लागेल, छापील पान, व्यायामाची चित्रे, शनिवारचे शिकवणी वर्ग, ते मी माझ्या तालुक्यात विनामूल्य द्यायला तयार आहे. आपण कळवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक फिजिओथेरपिस्ट